पिवळीचं बटन

८ जुलै, मंगळवार
पिवळी, ती पिवळ्या रंगाची स्पोर्ट्सगाडी, धुतली, पुसली. चावी परत द्यायले गेलो तं ट्रॅकचे मोठे ड्रायव्हर सेल्वमअण्णा म्हणाले, ठेव, बैठ अंदर. अडीच वर्षं झाली या ट्रॅकवर. तिच्या ड्रायव्हरच्या सीटवर बसलो, पण तिथून इथं लावायसाठी. आज अण्णा स्वतः बाजूले बसले, शिकवायले.
काळ्या बटनावर घसरणाऱ्या गाडीचं चित्र आहे. एकदा दाबलं तं फक्त टीसी जाते. म्हणजे मागचं चाक जागच्या जागी फिरायले लागलं तं गाडी इंजिनची ताकद कापते, ते बंद. पण दुसरं चालूच राहते. गाडी आडवी व्हायले लागली का ते आपल्या मनानं एकेका चाकाले ब्रेक मारते. ते पण घालवायचं असंल तं उभ्या गाडीत बटन दाबून धरायचं, मनात पाच मोजायचे. काट्यांच्या मधात दिवा पेटते. दिवा पेटला म्हणजे सगळं बंद. उलटं आहे.
अण्णा: "अब गाड़ी के अंदर कोई नहीं है. सिर्फ तू."
गाडीचं पुस्तक जाड आहे, इंग्रजी. माझ्यासंगं शिकणाऱ्या प्रीतमनं पूर्ण वाचलं. मी बटन वीसदा दाबलं.

९ जुलै, बुध.
गिऱ्हाइकाले बाजूले बसवून पिवळी पळवून दाखवणारा माणूस पाहिजे. जागा एक. नावं दोन, प्रीतम अन् मी. शनिवारी परीक्षा.
प्रीतम लुधियान्याचा. सहाव्या वर्षापासून छोट्या रेसच्या गाड्या चालवते, बापानं घेऊन दिल्या. मी सहाव्या वर्षापासून बाबाच्या मांडीवर बसून ट्रॅक्टर. तो चांगला पोरगा आहे, त्याचं काही नाही. पण नववी नापास माणसाचं नाव त्याच्या बाजूले लिहिलं आहे, हे मी मोबाईलमधी फोटो काढून ठेवलं.
अण्णा म्हणाले, रोज लिहो, गाड़ी ने क्या किया. प्रीतम इंग्रजीत लिहिते. मी विचारलं मराठीत चालंल का. म्हणाले, मैं पढ़ने वाला नहीं, तू पढ़ने वाला. मंग बरं.

१० जुलै, गुरु.
ओल्या पट्ट्यावर सराव. सगळं बंद. ४० नं वळवली, मागचा भाग गेला. दोनदा गोल फिरलो, गवतात. तिसऱ्यांदा धरली.
कुठं शिकला, विचारलं अण्णांनी. सांगितलं का बांधीत. चिखल करताना ट्रॅक्टरचं मागचं सरकते, तेव्हा स्टेअरिंग त्याच बाजूले द्यायचं अन् रेस एकदम सोडायची नाही. सोडली तं रुतते. अण्णाले बांधी समजली नाही. हातानं दाखवलं, धानाचं शेत, गुडघाभर चिखल. हसले.
ढुंगणाले आधी समजते, डोळ्याले मागून. हे प्रीतमच्या पुस्तकात नाही.

१२ जुलै, शनिवार
आज लिहितो नीट.
पाणी मारलेला पट्टा, त्यावर प्लास्टिकचे उभे कोन. साठनं आत शिरायचं, ब्रेकले पाय लावायचा नाही, डावीकडून उजवीकडं, परत डावीकडं, बाहेर. सगळं बंद करून. अण्णा दूर उभे, हातात वॉकी.
प्रीतम आधी गेला. दोन कोन पाडले, पण गाडी फिरू नाही दिली. चांगली चालवली.
मी रेघेवर आलो. पाच मोजले, दिवा पेटला, अंगठा दाखवला. तेवढ्यात अण्णांनी थांब म्हटलं, ऊन होतं, पट्टा सुकून राहिला होता. टँकर परत बोलावला. दहा मिनिटं काच खाली करून बसलो. एवढं शांत होतं का पट्ट्यावर पडणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकू येत होता. पोटात भीती नव्हती. हे खरं लिहितो.
मंग अण्णांचा हात वर झाला. गेलो. नजर शेवटच्या कोनाच्या पलीकडं, काट्याकडं पाहायचं नाही, अण्णांनी शिकवलं तसं. डावी, उजवी, डावी. बाहेर.
एकही नाही पडला.
प्रीतम पळत आला, पाठीवर मारलं. अण्णा गाडीभोवती एक चक्कर मारून आले. म्हणाले, "पानी पे ऐसा कौन चलाता है?" मंग म्हणाले, जा, छुट्टी करके आ, फिर कागद बनाते हैं.
बाबाले फोन केला. बाबा म्हणाले, बरं. अन् फोन मायकडं दिला.
उद्याची रेल्वे. घरी धानाच्या रोवण्यासाठी दहा दिवस सुट्टी.

१५ जुलै, मंगळ. गाव.
काल नागपूरले उतरलो, तिथून तुमसर रोड. गावचा दोस्त गोलू फटफटी घेऊन आला. तो तुमसरच्या राईस मिलमधी आहे, अंगावर कोंडाच कोंडा. स्टेशनवरच व्हिडिओ पाह्यला (प्रीतमनं काढला तो).
"हे तं सरळच गेली," गोलू म्हणे.
"तेच तं आहे. पाण्यावर आहे. सगळं बंद करून."
"अबे पण सरळच गेली ना. आमची यष्टी यापेक्षा जास्त डोलते."
घरी मायनं विचारलं, "किती मानसं बसतात त्यात?"
"दोन."
"एवढी मोठी अन् दोन?" मंग थोड्या वेळानं, "बाजूले कोन बसते?"
"गिऱ्हाईक."
"त्यायले भेव नाही लागत?"
"त्यासाठीच तं पैसे देतात."
माय पदर तोंडाले लावून हसत बसली.

१६ जुलै
पानठेल्यावर गेलो तं मले काही सांगावंच लागलं नाही. बाबानं आधीच सांगून ठेवलं. बाबा. जो माणूस ग्रामसभेत नाव विचारलं तं नुसता हात वर करते. ठेलेवाला म्हणे, तुह्या बापानं चार दिवसांत चार वर्षांचं बोलून टाकलं.
व्हिडिओ चाळीसेक लोकांनी पाह्यला असंल. जवाहरनगरच्या फॅक्टरीत असलेले एक काका आले होते, त्यांनी चष्मा लावून दोनदा पाह्यला. "कंट्रोल बंद करून? मंग तं हातच पाह्यजे." सगळ्यांसमोर. बाबा तिकडं तोंड करून उभे होते, पण कान इकडं.

१७ जुलै, गुरु.
तलावाखालच्या बांधीत चिखल केला. ट्रॅक्टर आपला जुनाच, मागं लोखंडी चाकं लावलेली. तीन वर्षांनी बसलो. सुरवातीले एकदा रुतवला. बाबा बांधीच्या कडेच्या धुऱ्यावरून, "पिवळी नोहे ते." मंग जमलं. मागचं सरकते, हात आपोआप जातो. मजा आली.
दुसऱ्या बांधीत बाया रोवत होत्या. पऱ्ह्यांच्या, धानाच्या रोपांच्या, पेंड्या डोक्यावर घेऊन माय अन् दोघी जणी आडव्या आल्या, ट्रॅक्टरसमोरून. थांबलो. अन् हात गेला, इंजिन बंद केलं.
बाबा धुऱ्यावरून म्हणाले, "हे बरं. तिकडं जाऊन बी सवय नाही सुटली."
आपल्या घरी हे आहेच. उभा ट्रॅक्टर, बंद इंजिन. बाबा मले मांडीवर घेऊन चालवत तेव्हापासून. कोणी रस्त्यात बोलायले थांबवलं तं आधी बंद, मंग रामराम. डिझल काय वाऱ्यानं येते, असं म्हणत.
बाया गेल्या. चावी फिरवायले हात लावला अन् तसाच बसलो. बाबा म्हणाले, काय झालं, बॅटरी गेली का. नाही म्हटलं.
पुढं लिहवत नाही आज.

१८ जुलै
सकाळी १२ तारखेचं पान काढलं. मीच लिहिलं आहे. एवढं शांत होतं का पाण्याचा आवाज ऐकू येत होता.
पिवळी चालू असली तं बाजूच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. पाण्याचं काय येणार.
बंद केली होती मी. टँकर आला अन् बंद केली, हातानं, न विचारता. मंग हात वर झाल्यावर चालू केली. अन् चालू केली का सगळं आपल्या जागी परत येते. टीसी पण, दुसरं पण. प्रत्येक वेळी. हे मले पक्कं माहीत आहे, धुताना कितीदा पाह्यलं. दिवा विझला असंल. मी काट्याकडं पाह्यलंच नाही.
व्हिडिओ लावला. कानाले लावून ऐकला, पाह्यला नाही. दुसऱ्या कोनापाशी इंजिनचा आवाज खाली जाते, घास गिळल्यासारखा, मंग परत येते. माझा पाय हलला नव्हता. तेवढं आठवते. अन् पायाखाली करकर झाली होती, मले वाटलं पट्ट्यावरचे खडे. ब्रेक होते ते, तिनं मारलेले.
म्हणजे धरली ती पिवळीनं. मी नुसता बसून होतो. चाळीस लोक.

१८, दुपारी
तलावाच्या उंच पारीवर जाऊन बसलो. स्वतःलेच सांगून पाह्यलं.
एक, कोणाले माहीत नाही. दोन, गुरुवारी सरावात मी खरी धरली होतीच, म्हणजे येते मले. तीन, प्रीतमनं दोन पाडले.
पण उद्या बाजूले माणूस बसंल. कातडीच्या सीटवर, पट्टा बांधून, हसत. अन् मी बटन पाच मोजून दाबीन, अन् मले माहीत नसंल का मले येते का नाही साठनं. त्यालेही माहीत नसंल.
अन् दुसरं, खरं तं हेच पहिलं. मले ते आपलं पाहिजे. पिवळीनं दिलेलं नाही.

१९ जुलै, शनि.
अण्णाले फोन. पारीवरच तेवढी रेंज आहे.
सगळं सांगितलं. ट्रॅक्टर, डिझल, बाबाची सवय, सगळं. हिंदीत जमलं नाही तिथं तसंच मराठीत.
"लैंप देखा था?"
"नहीं अण्णा."
"मैं भी नहीं देखा. अंगूठा देखा, बस." मंग म्हणाले, "तो आधा गलती मेरा है. कागद मैंने अभी भेजा नहीं."
"तो?"
"तो शनिवार को फिर से. दोनों का. प्रीतम को भी बराबर मौका. तुझको ठीक है?"
ठीक है म्हटलं. ठेवायच्या आधी म्हणाले, "बाप को बोला?" नाही म्हटलं. "पहले उसको बोल."
प्रीतमचा मेसेज आला संध्याकाळी. एक हात जोडलेला, एक हसणारा. अन् खाली, पागल है तू.

२० जुलै, रवि.
बाबाले सांगितलं. धुऱ्यावर, भाकरी खाताना. बाबाले बटन समजावून सांगायले वेळ गेला. शेवटी असं सांगितलं का ट्रॅक्टर रुतायले लागला तं आपोआप कोणी मागून हात लावते, असं समजा. तो हात बाजूले काढून चालवायचा होता. मी इंजिन बंद केलं तं तो हात परत आला, अन् मले समजलंच नाही.
बाबानं भाकरी चावली.
"म्हंजे मशीन बंद केली म्हून."
"हो."
"ते म्या शिकवलं."
"तुमचं काही नाही त्यात, बाबा."
"म्या कोठं म्हनतो माहं आहे म्हून." पाणी प्याले. "मंग आता?"
"शनिवारी परत."
"नाही जमलं तं?"
"तं धुवीन गाड्या. धुतोच आहे."
उठले, हात धुतले बांधीच्या पाण्यात. सरळ ट्रॅक्टरकडं गेले. मले वाटलं रागावले. संध्याकाळपर्यंत तिकडंच.

२१ जुलै, सोम.
हे गोलूकडून समजलं, मी तिथं नव्हतो.
बाबा सकाळी पानठेल्यावर गेले. नेहमीचे चार-पाच जण. फॅक्टरीवाले काका पण. कोणीतरी म्हणालं, काय मंग, मोठ्या गाडीचा ड्रायव्हर गेला का. तं बाबा म्हणाले, "ड्रायव्हर नाही झाला आजून. त्या दिवशी गाडीनंच मदत केली त्याले. कोणाले समजलं नव्हतं. त्यानंच फोन करून सांगितलं सायबाले. आता शनवारी परत देनार हाय, मदत काढून."
गोलू म्हणे, छाती अशी पुढं करून सांगितलं, जसा तू दुसऱ्यांदा पास झाला.
एक जण हसला म्हणे. का येडा आहे का पोरगा, आलेलं सोडते. बाबानं त्याच्याकडं पाह्यलं अन् पान न खाताच निघून आले.
घरी आल्यावर मले म्हणाले, "उद्याची टिकट भेटते का पाह्य. रोवना आमी करतो. चार बांध्याच राह्यल्या."
"तुमी चिखल कराल?"
"तू नव्हता तवा कोन करत होतं?"

२२ जुलै
टिकट वेटिंग, तरी निघालो. मायनं चिवड्याचा डबा दिला अन् विचारलं, ती मदत काढल्यावर गाडी उलटी तं होत नाही ना. नाही म्हटलं. गोल फिरते. "मंग फिरू दे," म्हणे.
गोलू स्टेशनवर, "या वेळी सरळ नको जाऊ बे. थोडी हलव. लोकायले पटत नाही."

२४ जुलै, गुरु. ट्रॅक.
उतरलो अन् थेट वॉशिंगले. तीन गाड्या होत्या. प्रीतमनं चहा आणून दिला. मी माफी मागितली, का तुले परत परीक्षा द्यावी लागून राहिली. तो म्हणे, मले दोन कोन पाडल्याचं दुःख होतंच, आता एक मौका भेटला, तुझा आभारी. खरं बोलला का गंमत केली, समजलं नाही. पंजाबी माणसाचं तसंच आहे, दोन्ही एकाच आवाजात.

२६ जुलै, शनिवार
पट्टा ओला. ढग होते, टँकर एकदाच लागला.
या वेळी अण्णा प्रत्येकाच्या खिडकीत वाकून दिवा पाहत होते. दोन दोन फेऱ्या.
प्रीतम, पहिली: एक. दुसरी: शून्य. शून्य म्हणजे नुसता शून्य नाही, सुंदर. मागचं थोडं गेलं, त्यानं बोटानं केल्यासारखं परत आणलं. टाळ्या मीच आधी वाजवल्या.
मी, पहिली.
दुसऱ्या कोनापाशी मागचा भाग गेला. आता कोणीच नव्हतं. एकदम समजलं, कसं असते ते. पिवळी एवढी मोकळी मी कधी पाह्यली नव्हती साठनं. हात गेला त्याच बाजूले, पण जास्त गेला, ती परत दुसऱ्या बाजूले आली, मंग आकाश, गवत, आकाश. चार कोन. इंजिन बंद पडलं. मी चालू केली, गवतातच पाच मोजले, दिवा पाह्यला, अन् आपल्या आपण रेघेवर आणली.
अण्णा खिडकीत आले. "डर लगा?"
"लगा."
"अच्छा है. उस दिन नहीं लगा था ना."
दुसरी. मागचं गेलं. हात त्या बाजूले, कमी. पाय काढला नाही, सैल केला, चिखलात करतो तसा. आली. परत गेली, परत आणली. तिसऱ्या वळणाले बाहेर निघताना डावीकडचा शेवटचा कोन मागच्या टायरनं पाडला. लागलेला आवाज आला मले, टप्.
एक.
थांबवली. हात स्टेअरिंगवर तसेच ठेवून बसलो. इंजिनचा आवाज ऐकत. तीन वळणं, तीनही मीच काढली. कोणाले सांगायची गरज नाही, पण इथं लिहितो. मीच काढली.
अण्णांनी कागदावर काहीतरी लिहिलं, घडी घालून खिशात टाकलं. प्रीतमनं विचारलं, अण्णा, कौन? "कोन गिनना बच्चा भी कर सकता है," म्हणाले, "सोमवार को बताएगा." अन् गेले जेवायले.
प्रीतमचे दोन फेऱ्या मिळून एक. माझे पाच. हिशोब मले येते. पण अण्णा त्या वाक्यानंतर माझ्याकडं पाहत होते का प्रीतमकडं, ते नाही समजलं.

२७ जुलै, रवि.
ट्रॅक बंद. कपडे धुतले.
दुपारी बाबाचा फोन. बाबा आपण होऊन फोन करत नाहीत. पारीवर उभे असतील, वाऱ्याचा आवाज येत होता.
"झालं?"
"झालं. पहिल्यांदा फिरली, गवतात गेली. दुसऱ्यांदा एक कोन पडला."
"दुसऱ्याचा?"
"त्यानं दुसऱ्यांदा एकही नाही पाडला."
मागं कोणीतरी बैल हाकत होतं.
"कोनता पडला तुहा?"
"शेवटचा. डावीकडचा."
"म्हंजे बाकी समदे पार करून गेला."
"हो."
"मदत काढून."
"हो, बाबा."
"बरं," म्हणाले. फोन ठेवतील वाटलं, पण ठेवला नाही. रोवणा झाला का, विचारलं. झाला म्हणे, काल. शेवटची बांधी त्यांनी एकट्यानंच चिखलली. दोनदा रुतला, दोनदा काढला, कोणाले बोलावलं नाही. हे त्यांनी तीनदा सांगितलं.
मंग म्हणाले, ठेल्यावर जाऊन येतो, विचारत असतील लोक.
काय सांगाल, मी विचारलं.
"जे झालं ते. सोमवारचं सोमवारी."